बालकांचे दूध उलटणे : स्वाभाविक क्रिया, व्याधी आणि तातडी यांतील भेद

खानदेशातील कोणत्याही चिकित्सालयात अथवा औषधी दुकानात आठवड्यातून दोन-चार वेळा तरी ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'बाळ दूध टाकते'. तक्रार सहसा आजी सांगते. बाळंतीण मागे उभी असते. शब्द एकच असला तरी त्यामागे तीन भिन्न अवस्था असू शकतात. बहुसंख्य बालकांत ही वयाला अनुसरून घडणारी क्रिया असते व तिला औषध लागत नाही. थोड्या बालकांत ती व्याधिस्वरूप असते व चिकित्सेस पात्र ठरते. अगदी मोजक्या बालकांत मात्र हे शस्त्रसाध्य अथवा आत्ययिक विकाराचे पहिले लक्षण असते. तेथे काही तासांचा विलंबही जिवावर बेततो.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक गावांत असे बाळ बालरोगतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी आपल्याकडे, म्हणजे वैद्याकडे किंवा औषध विक्रेत्याकडे येते. शिरपूर, चोपडा, यावल वा रावेर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तर पहिला सल्ला हाच बहुधा निर्णायक ठरतो. म्हणून वरील तीन अवस्थांतील भेद कसा करावा, कोठे स्वस्थ राहावे, कोठे उपचार करावा आणि कोठे क्षणाचाही विलंब न करता पुढे पाठवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रदृष्टी

सुश्रुताचार्यांनी बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन भेद सांगितले आहेत. प्रस्तुत विषय मुख्यत्वे क्षीरप अवस्थेचा, म्हणजे पहिल्या वर्षाचा आहे. बाल्यावस्था कफप्रधान, आहार केवळ दूध, म्हणजे द्रव, मधुर, स्निग्ध व गुरु, अग्नी अद्याप कोमल, आणि बालक बहुतांश वेळ आडवे. अशा स्थितीत आमाशयातील द्रव पदार्थ किंचित दाबानेही वर येणे सहजसंभव आहे. याला छर्दि हा व्याधी म्हणता येणार नाही. छर्दिमध्ये दोषांचा उत्क्लेश, वेग व पीडा असते. सहज उलटणाऱ्या दुधात यांपैकी काहीही नसते. बाळ दूध टाकते आणि लगेच हसते.

क्षीरप बालकाच्या विकाराचा विचार करताना आपल्या ग्रंथांनी स्तन्याला दिलेले महत्त्व सर्वांस परिचित आहे. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात स्तन्यदोषांचे वर्णन आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात क्षीरालसक वर्णिला आहे. काश्यपसंहितेचा वेदनाध्याय तर विशेष वाचनीय आहे, कारण बोलता न येणाऱ्या बालकाची पीडा त्याच्या हालचालींवरून कशी ओळखावी हाच त्याचा विषय आहे. आजच्या भाषेत हेच निरीक्षण 'धोक्याची लक्षणे ओळखणे' या नावाने शिकविले जाते.

अम्लपित्ताचे स्वतंत्र विवेचनही काश्यपसंहितेच्या खिलस्थानात येते. परंतु म्हणून दूध टाकणाऱ्या प्रत्येक तान्ह्या बाळाला अम्लपित्ताचा रुग्ण समजणे योग्य नव्हे. हल्ली पालकच 'याला ॲसिडिटी आहे' असे निदान घेऊन येतात. ते निदान आपण तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

दूध वर का येते ?

अन्ननलिका जेथे आमाशयास मिळते तेथे स्नायूंचे एक वलय असते. गिळताना ते उघडते व नंतर मिटते. तान्ह्या बाळांत हे वलय गिळण्याच्या क्रियेशिवायही अधूनमधून काही क्षण सैल पडते. त्या क्षणी आमाशय भरलेले असेल, बाळ आडवे असेल किंवा पोटावर दाब असेल तर दूध वर येते. आधुनिक वैद्यक यास रिफ्लक्स म्हणते. अन्ननलिकेची लांबी कमी आणि घेतलेल्या दुधाचे प्रमाण शरीराच्या मानाने मोठे असल्यामुळे ते तोंडापर्यंत पोचण्यास वेळ लागत नाही.

ही क्रिया किती सार्वत्रिक आहे हे अमेरिकेतील शिकागो परिसरात झालेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून दिसते. तीन महिन्यांपर्यंतची सुमारे निम्मी बालके दिवसातून किमान एकदा दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांपर्यंत पोचले आणि दहा ते बारा महिन्यांच्या बालकांत ते ५ टक्क्यांवर आले. म्हणजे बाळ बसू लागते, वरचे अन्न सुरू होते, तसा हा प्रकार आपोआप मावळतो. चौथ्या महिन्यात दिलेले कोणतेही औषध सातव्या-आठव्या महिन्यात 'गुणकारी' ठरते त्याचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

दूध दह्यासारखे फाटून आले म्हणजे पोट बिघडले, हा समजही दूर करावा. आमाशयातील अम्ल व पाचकरस यांच्या संयोगाने दूध साकळणे हे पचनाचे पहिले पाऊल आहे. फाटलेले दूध एवढेच सांगते की ते आमाशयात काही काळ राहून आले आहे.

'सगळेच दूध टाकले' या विधानाचीही परीक्षा घ्यावी. एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी, पालकांसमक्ष कोरड्या दुपट्यावर ओतून दाखवावे. त्याचा डाग पाहून आजीचे अर्धे भय तेथेच ओसरते.

स्वाभाविक की व्याधी ?

निर्णयाचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे वजनकाटा. जन्मानंतर किंचित घटलेले वजन साधारण दहा ते चौदा दिवसांत भरून येते. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते व पाच-सहा महिन्यांत जन्मवजन दुप्पट होते. बाळ दूध टाकते, परंतु वजन या गतीने वाढते, दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होते, बाळ हसते-खेळते, तर ते बाळ निरोगी आहे. दवाखान्यात बालकांचा काटा नसेल तर तो अवश्य घ्यावा. माता व बाल संरक्षण कार्डावरील वाढीचा आलेख पाहावा. पहिल्या ४२ दिवसांत आशा कार्यकर्ती घरी येऊन वजन घेते. त्या नोंदी मागून घ्याव्यात.

वजन न वाढणे किंवा घटणे, दूध पिण्यास नकार, पिताना पाठ ताणून रडणे, वारंवार ठसका किंवा खोकला, पुन्हा पुन्हा श्वसनमार्गाचा संसर्ग, उलटीत रक्ताच्या रेषा, ही लक्षणे असतील तर तो व्याधी समजावा. केवळ रडणे हे मात्र पुरेसे लक्षण नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास निरोगी बाळांचेही रडणे सर्वाधिक असते, आणि सायंकाळी विशेष.

काही बालकांत गाईच्या दुधातील प्रथिने न सोसण्यामुळे हुबेहूब असेच चित्र दिसते. सोबत त्वचेवर चट्टे, शौचात आव-रक्त किंवा घराण्यात अशी प्रवृत्ती असेल तर हा विचार करावा. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मातेचा दूध व दुग्धजन्य आहार दोन ते चार आठवडे बंद करून फरक पाहता येतो. बाळंतिणीला दूध-तूप भरपूर द्यावे या आपल्या परंपरागत उपदेशाला हा अपवाद आहे. तो तज्ज्ञांच्या सल्ल्याने व ठराविक मुदतीपुरताच करावा, आणि या काळात मातेच्या आहारातील कॅल्शियमची उणीव नाचणी, तीळ इत्यादींनी भरून काढावी.

आत्ययिक लक्षणे

हा भाग प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावा अशी विनंती आहे.

१) हिरवी उलटी : तान्ह्या बाळाची उलटी हिरवी, पित्तमिश्रित असेल तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत आतड्यास पीळ पडला आहे असेच समजावे. पीळ पडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडतो. येथे पित्तशामक योग देऊन 'उद्या पाहू' म्हणणे घातक आहे.

२) वाढत जाणारी वेगवान उलटी : वय साधारण तीन ते सहा आठवडे, बहुधा मुलगा, अनेकदा पहिले अपत्य. दूध पाजल्यावर थोड्याच वेळात उलटी कारंज्यासारखी लांब उडते. ती हिरवी नसते. उलटीनंतर बाळ पुन्हा भुकेने दूध मागते. दिवसागणिक उलट्या वाढतात, लघवी कमी होते, वजन घटते. पोटावर डावीकडून उजवीकडे जाणारी लाट दिसू शकते. हे चित्र पायलोरिक स्टेनोसिसचे, म्हणजे आमाशयाच्या निर्गमद्वाराचा स्नायू जाड होऊन मार्ग अरुंद झाल्याचे आहे. सोनोग्राफीने निदान होते. प्रथम क्षार-जलाची पूर्ती व नंतर स्नायूला छेद देणारी शस्त्रक्रिया हा उपचार आहे. रामस्टेट या जर्मन शल्यविशारदाच्या नावाने ती शंभरहून अधिक वर्षे प्रचलित आहे व तिचे यश उत्तम आहे. औषधाने हा स्नायू पातळ होण्याची वाट पाहू नये.

३) ज्वर, सुस्ती, झटके, फुगलेली टाळू किंवा डोक्याचा घेर झपाट्याने वाढणे : मस्तिष्कावरणशोथ वा डोक्यातील दाब वाढल्याची शक्यता. उलटी पोटातूनच उद्भवते असे नाही. मूत्रमार्गाचा संसर्गही तान्ह्या बाळात केवळ उलटी व ज्वर या रूपाने प्रकट होतो.

४) पोट फुगून ताठ होणे, शौच व वायू न सरणे, शौचात रक्त.

५) उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखा पदार्थ.

६) जन्मल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांतच जोरदार उलट्या, किंवा सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू झालेल्या उलट्या.

७) शोष : खोल गेलेली टाळू व डोळे, कोरडी जीभ, अश्रूंचा अभाव, सहा-आठ तास लघवी नसणे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ही अवस्था फार लवकर येते.

यांपैकी एकही लक्षण दिसल्यास बाळास शासकीय वा खासगी बालरुग्णालयात त्वरित पाठवावे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही आपल्या भागातील मोठी केंद्रे होत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजाताला शासकीय संस्थेत नेण्या-आणण्याची सोय विनामूल्य आहे, हे पालकांना आवर्जून सांगावे. चिठ्ठीत बाळाचे वय, वजन, उलटीचा रंग, शेवटच्या लघवीची वेळ आणि आपण दिलेली औषधे स्पष्ट लिहावीत.

प्रथम उपचार : पाजण्याची रीत

स्वाभाविक प्रकारात पालकांचे समाधान व पाजण्यातील सुधारणा एवढेच पुरते.

बाळाने स्तनाग्रच नव्हे, तर भोवतालचा काळा भागही तोंडात घेतला पाहिजे. नाहीतर दुधाबरोबर वायूही गिळला जातो. मध्ये व शेवटी खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. पाजल्यानंतर २० ते ३० मिनिटे बाळाला उभे धरावे. पाजल्याबरोबर झोळीत घालून झोके देण्याची पद्धत घरोघरी आहे. ती बदलण्यास सांगावे. झोळीत बाळाचे शरीर दुमडते व पोटावर दाब येतो. दुपटे किंवा लंगोट पोटावर गच्च बांधू नये. तेल लावणे व पायांवर घेऊन न्हाऊ घालणे पाजण्यापूर्वी उरकावे, नंतर नव्हे.

वरचे दूध चालू असल्यास प्रमाण विचारावे. चार किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे १५० मिलीप्रमाणे ६०० मिली दूध लागते. आठ वेळा विभागल्यास एका वेळी ७५ मिली. त्याच बाळाला दर वेळी दीडशे मिलीची बाटली संपवायला लावली तर उरलेले बाहेर येणारच. हा रोग नाही, हा हिशेब आहे. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले वापरावे व ते उकळून घ्यावे.

झोपताना बाळाला पाठीवरच झोपवावे. पालथे झोपविल्याने दूध उलटणे कमी होते हे खरे. परंतु झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकन बालरोग अकादमीने १९९२ पासून पालथे न झोपविण्याची शिफारस केली आहे व ती दूध उलटणाऱ्या बाळांनाही लागू आहे. डोक्याखाली उशा रचण्याचाही उपयोग नाही.

सहा महिने केवळ स्तनपान. उन्हाळ्यातही पाणी नको, स्तनपानाच्या वेळा वाढवाव्यात. दूध दाट व्हावे म्हणून बाटलीत तांदळाची पेज किंवा नाचणीचे सत्त्व घालू नये.

मातेची चिकित्सा

क्षीरप बालकाची चिकित्सा मातेच्या द्वारे करण्याचा संकेत शास्त्राने दिलेला आहे, आणि सौम्य प्रकारात तोच श्रेयस्कर आहे. बाळंतिणीचे अग्निमांद्य, मलावष्टंभ, जागरण व चिंता यांची चौकशी करावी. सुवावड म्हणून डिंकाचे व मेथीचे लाडू पचनाचा विचार न करता चालू असतात. त्यांचे प्रमाण भुकेनुसार ठरवावे. जिरे, ओवा, बाळंतशेपा, सुंठ व मुस्ता यांचा दीपन-पाचनार्थ युक्तीने उपयोग करावा. काळ्या मसाल्याच्या भाज्या, ठेचा व शिळे अन्न काही काळ कमी करण्यास सांगावे. पण मातेला केवळ वरण-भातावर ठेवून कृश करू नये. तिला पुरेशी विश्रांती मिळावी हेही कुटुंबाला सांगणे आपले कर्तव्य आहे.

बाळाला द्यावयाच्या औषधांविषयी विवेक

सुश्रुताने एक महिन्यानंतरच्या क्षीरप बालकासाठी औषधाची मात्रा बोटाच्या दोन पेरांवर मावेल एवढीच सांगितली आहे, आणि औषधाचा कल्क स्तनास लावून पाजण्याचीही योजना दिली आहे. या अल्पमात्रेतील दक्षता आज विस्मरणात जात आहे. व्याधिस्वरूप परंतु आत्ययिक नसलेल्या प्रकारात बालचतुर्भद्र, म्हणजे मुस्ता, पिंपळी, अतिविष व काकडशिंगी यांचा योग परंपरेने वापरला जातो. तो द्यावयाचा झाल्यास निश्चित मात्रेत, मर्यादित दिवसांसाठी व वजनावर लक्ष ठेवून द्यावा.

येथे अनुपानाचा प्रश्न येतो. ग्रंथांत मध हे अनुपान आहे व आपला हात सवयीने मधाकडे जातो. परंतु मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून विष निर्माण करतात. मलावष्टंभ, क्षीण रडणे, दूध ओढण्याची शक्ती जाणे व पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडणे असा त्याचा क्रम आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात हा विकार प्रथम ओळखला गेला. उकळूनही हे बीजाणू सहज नष्ट होत नाहीत. विकार विरळ आहे. तथापि टाळता येण्याजोगा आहे. म्हणून एक वर्षापर्यंत मधाऐवजी मातेचे दूध किंवा घृत हे अनुपान घ्यावे. ही दोन्ही अनुपाने शास्त्रसंमतच आहेत, त्यामुळे परंपरेचा भंग होत नाही.

बाळगुटीविषयीही बोलणे प्राप्त आहे. मुरूडशेंग, हिरडा, जायफळ, हळकुंड, वेखंड इत्यादी द्रव्ये सहाणेवर किती वळसे उगाळावीत याचे प्रमाण पूर्वी घरातील जाणत्या स्त्रियांना अवगत होते. आज ते उरलेले नाही. वेखंड अधिक मात्रेत वामक आहे. उलटी थांबविण्यासाठी दिलेल्या गुटीनेच उलटी वाढू शकते. जायफळ अधिक झाल्यास बाळ गुंगते आणि ती गुंगी 'शांत झोप' समजली जाते. शिवाय न धुतलेली सहाण व न उकळलेले पाणी हे अतिसाराचे निमित्त ठरते. पहिल्या सहा महिन्यांत गुटी नको, हेच सांगणे आजच्या परिस्थितीत हिताचे आहे.

पोटावर डाग देण्याची प्रथा तर निषेधार्हच. मेळघाटात फेब्रुवारी २०२५ मध्ये अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याने ६५ चटके दिल्याची घटना वृत्तपत्रांतून आली. आपल्या शास्त्रातील अग्निकर्माचे नाव घेऊन कोणी अशा प्रकाराचे समर्थन करीत असेल तर वैद्यांनी त्याचा स्पष्ट प्रतिवाद करावा. अशा कुटुंबाला धाक घालण्यापेक्षा बाळाला रुग्णालयात नेणे सोपे कसे होईल हे पाहणे अधिक फलदायी आहे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

'उलटीचे ड्रॉप द्या' अशी मागणी आल्यास चार प्रश्न विचारावेत : बाळ किती दिवसांचे ? उलटीचा रंग कोणता ? लघवी केव्हा झाली ? दूध ओढते का ? यांपैकी एकाही उत्तराने शंका आली तर औषध न देता पाठवावे.

डॉम्पेरिडोन हे चिठ्ठीशिवाय विकावयाचे औषध नाही. हृदयाच्या लयीवरील परिणामामुळे युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या, आणि ब्रिटनच्या नियामकाने २०१९ मध्ये बारा वर्षांखालील मुलांच्या मळमळ-उलटीसाठीची त्याची मान्यता काढून घेतली. मेटोक्लोप्रमाइड एक वर्षाखाली वर्ज्य मानले जाते. मान व डोळे वाकडे होण्याचे आचके त्याने येतात. पोटदुखीच्या थेंबांतील डायसायक्लोमिन सहा महिन्यांखालील बाळास देऊ नये. श्वास थांबण्याचा धोका आहे. रॅनिटिडीन अमेरिकेत २०२० मध्ये बाजारातून काढण्यात आले व भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून २०२२ मध्ये वगळण्यात आले. अम्लशामक औषधांनी निरोगी बाळाचे दूध टाकणे वा रडणे कमी होत नाही; उलट संसर्गाचा संभव वाढतो.

दुधाच्या डब्यांबाबत १९९२ चा कायदा व २००३ ची सुधारणा ध्यानात असावी. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी दुग्धपर्याय, शिशुआहार व दूध पाजण्याच्या बाटल्या यांची जाहिरात, मोफत नमुने वा भेटवस्तू यांस मनाई आहे, आणि २००३ पासून औषधी दुकाने व वैद्यक व्यावसायिकांच्या संघटनाही या कायद्याच्या कक्षेत येतात. 'उलटी कमी करणारा डबा' म्हणून दुकानदाराने स्वतःहून शिफारस करणे सर्वथा अनुचित होय.

सारांश

वजन वाढत असलेले, हसरे, दूध टाकणारे बाळ हे औषधाचे नव्हे, तर आश्वासनाचे अधिकारी आहे. वजन न वाढणारे बाळ तपासणीचे अधिकारी आहे. हिरवी, वेगवान किंवा रक्तमिश्रित उलटी करणारे, सुस्त वा शोष पडलेले बाळ तत्काळ रुग्णालयाचे अधिकारी आहे. साध्यासाध्य विवेक हे वैद्याचे पहिले लक्षण आपल्या शास्त्राने मानले आहे. बाळास वेळेवर पुढे पाठविल्याने वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही. ते बाळ बरे होऊन परतले म्हणजे तेच कुटुंब पुढील पिढीपर्यंत त्याच्याकडे विश्वासाने येत राहते. प्रत्येक चिकित्सालयात बालकांचा वजनकाटा व दर्शनी भागी आत्ययिक लक्षणांचा फलक असावा, एवढी विनंती करून हा लेख संपवितो.